अंगाला लावलेली कोरफड

ओळखीत कुणी कुत्रं पाळलं की मी त्यांच्या घरी जातो आणि कुत्र्याच्या आधी कुंड्या बघतो. बायको म्हणते, लोकांना वाटतं तुम्ही झडती घ्यायला आलात. वाटू दे. कोरफड दिसली की मी विचारतो, ही कशाला वापरता? बहुतेक जण म्हणतात, काही नाही, असावी म्हणून आहे. मग मी सांगतो, असू द्या, पण कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशी ठेवा, आणि त्याच्या अंगाला हिचा थेंबही लावू नका. काही जण हसतात. "अहो, कोरफड औषधी असते." या वाक्यावर मला वाद घालता येत नाही, कारण ते आधी माझंच होतं.

नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही नाशिकला सिडकोत एका लहान रो हाउसमध्ये राहत होतो. मी, बायको, आमची मुलगी आणि माझी आई. मुलगी तेव्हा चौथीत होती. मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. मशीनवरून उतरलेले भाग मापात आहेत की नाहीत ते बघायचं, आणि नसले तर का नाहीत ते शोधून काढायचं, हे माझं काम. हे मुद्दाम सांगतो, कारण कामावर जी अक्कल मी रोज वापरत होतो ती घरात वापरायला मला फार उशीर झाला.

कुत्रा मुलीने आणला. शाळेच्या रिक्षातून उतरली तेव्हा तो तिच्या स्वेटरमध्ये होता. बदामी रंगाचा, पुढचे दोन्ही पाय पांढरे, पोट फुगलेलं, साधा गावठी. आई म्हणाली, "हे घरात येणार नाही." मग तो दाराबाहेर, स्कूटर लावायच्या जागेत राहू लागला, आणि महिनाभरात आईच त्याला सकाळी चहात बुडवलेली पोळी देऊ लागली.

त्याच जागेत पायऱ्यांच्या कडेला आईची कोरफड होती. गोड्या तेलाचा पत्र्याचा मोठा डबा वरून कापलेला, आणि त्यात दाटीने वाढलेली पानं. भाजलं, खरचटलं, केस गळायला लागले, पोट साफ होत नाही, सगळ्यावर आईकडे तीच. कुत्र्याने त्या डब्याला कधी तोंड लावलं नाही. पिल्लू असताना एकदा हुंगलं, शिंकला आणि बाजूला झाला. त्यामुळे कुत्र्याजवळ कोरफड चालते का, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला. गणपती गेले, नवरात्र आलं, तरी फरशी ओलीच राहायची. कुत्र्याच्या पाठीवरचे आणि कानामागचे केस जाऊन चट्टे पडले. तो भिंतीला अंग घासायचा, खाजवून रक्त काढायचा. मुलगी म्हणाली, "पप्पा, त्याला डॉक्टरकडे न्या ना."

मी म्हणालो, "डॉक्टर कशाला? औषध दारातच आहे."

यात आळस नव्हता. मला ते मनापासून वाटत होतं, आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं. रोज सकाळी पहिल्या पाळीला जाण्याआधी मी डब्यातलं एक जाड पान बुडातून तोडायचो, उभं चिरायचो आणि सालीसकट त्याच्या पाठीवर घासायचो. चिरलेल्या कडेतून पिवळा, उग्र वासाचा रस हातावर यायचा. तोही वाया जाऊ द्यायचो नाही. बोटांनी चट्ट्यांवर चोळायचो. कुत्रा अंग चोरायचा. मी एका हाताने त्याची मान दाबून ठेवायचो. "बरं व्हायचंय ना? मग थांब." मी हात धुवायला गेलो की तो मान वळवून वळवून सगळं चाटायचा. चाटताना तोंडातून लाळेची तार लोंबायची. ती तार मी बघितली होती. मला वाटलं, बिचारा खाजेने बेजार झालाय.

आठवडा झाला नसेल, त्याला पातळ होऊ लागलं. मग उलट्या. दारात पाऊल टाकायची सोय राहिली नाही. बायको सकाळी उठल्या उठल्या फिनेलची बादली घेऊन बाहेर. मला वाटलं, कारण शोधायला पाहिजे, आणि कारण म्हणून मला सगळ्यात आधी दिसली ती मुलगी.

"काय काय घालतेस त्याला?"

"काही नाही."

"खरं सांग."

"खारी. आणि एकदा शेव."

"एकदाच?"

"दोनदा," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. कारण सापडलं होतं. मी तिला समोर उभं करून म्हणालो, "तुझ्यामुळे आजारी पडलाय तो. आजपासून त्याच्या जवळ जायचं नाही."

"खायला नाही देणार. नुसती जवळ बसू?"

"नाही."

त्यानंतर ती जाळीच्या दाराच्या आत बसायची आणि तो बाहेर. दोघं एकमेकांकडे बघत असायचे. मी कामावरून आलो की ती उठून आत जायची.

खारी बंद झाली, शेव बंद झाली, पातळ थांबलं नाही. मग मी त्याचं दूध तोडलं. आईची चहापोळी तोडली. हाडं तोडली. शेवटी नुसता मऊ भात राहिला. आणि कोरफड? ती मी सकाळ-संध्याकाळ लावू लागलो. अंगात ताकद नसली की खरूज जास्त पसरते, असं माझं मीच ठरवलं होतं.

मग एका सकाळी मी त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून आधी साबण लावून त्याला स्वच्छ धुतलं. आमच्यापुढे एक शेळी होती आणि एक गाभण म्हैस. डॉक्टर माझ्याहून थोडे मोठे, घाईतले, पण नीट विचारणारे.

"खायला काय देता?"

मी सगळं सांगितलं. भात कुठला, दूध कधी बंद केलं, मुलीने शेव कशी दिली.

"याशिवाय पोटात काही गेलंय? उंदराचं औषध वगैरे? कुठली पानं?"

"छे. काही नाही."

मी हे छातीठोकपणे सांगितलं. खोटं बोलावं असं मनात नव्हतं. माझ्या हिशेबी कोरफड पोटात गेलीच नव्हती. ती अंगाला लावलेली होती. आणि औषध तक्रारीत कोण मोजतं? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखर-मिठाचं पाणी पाजायला सांगितलं. चट्टे बघून म्हणाले, "आधी पोट थांबू दे, मग कातडीचं बघू." घरी येऊन मी गोळी दिली, आणि धुतल्यामुळे औषध निघून गेलं म्हणून पुन्हा कोरफड लावली.

एक-दोन दिवसांनी त्याची लघवी लालसर दिसली. आईनेच ती आधी बघितली. संध्याकाळी मला म्हणाली, "रक्त जातंय रे त्याचं. मी काही वैरीण नाही त्याची. पण पोर दिवसभर जाळीला चिकटून बसलेली असते. मरायचंच असेल तर तिच्या डोळ्यांसमोर नको."

बायकोचा भाऊ सिन्नरजवळ शेती करतो. तेव्हा तो टोमॅटो घेऊन टेम्पोने नाशिकच्या मार्केटला यायचा आणि रिकामा टेम्पो घेऊन परतताना आमच्याकडे चहाला थांबायचा. त्याने कुत्र्याच्या बरगड्या बघितल्या. "दाजी, द्या मला. आमच्याकडं मोकळा राहील. मळ्यात सगळी बरी होत्यात."

मी हो म्हणालो. मुलगी त्या वेळी शाळेत होती. ती येईपर्यंत थांबा, असं मी मेहुण्याला म्हणू शकलो असतो. त्याला घाई नव्हती, दुसरा चहाही झाला असता. मी म्हणालो नाही. कुत्र्याला टेम्पोत रिकाम्या क्रेट्सच्या मधे बसवलं आणि ताडपत्रीची दोरी मीच बांधली.

ती आली. दप्तर पाठीवरच होतं. स्कूटरमागे बघितलं, पायऱ्यांखाली बघितलं, मग माझ्याकडे. मी सांगितलं. मला वाटलं रडेल, आदळआपट करेल. तिने फक्त विचारलं, "माझ्यामुळे ना?"

मी म्हणालो, "असू दे आता."

त्या तीन शब्दांचं ओझं माझ्यावर अजून आहे. "नाही" म्हणायला काहीच लागलं नसतं. पण तेव्हा मला खरंच वाटत होतं की थोडीफार तिचीच चूक आहे, आणि वर तिला माफ केल्यासारखं मी बोललो.

घर स्वच्छ राहू लागलं. फिनेलचा वास गेला. मुलगी अभ्यास करायची, जेवायची, विचारलं तेवढं बोलायची. बायको एकदा म्हणाली, "तुम्हाला कळतंय का, ती आपल्याकडे काहीच मागत नाही आजकाल?" मला कळत होतं.

मग मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, तुमचं कुत्रं ठणठणीत हाय! भाकरी हाणतंय."

"आणि पातळ?"

"कसलं पातळ! आलं त्या दिवशी होतं, मग बंद. खाजवतंय तेवढं, बाकी लय मजेत."

"खायला काय देता?"

"असंल ते. भाकरी, कालवण, दूध. काल तर मटणाची हाडं दिली."

मी जे जे तोडलं होतं ते सगळं तो तिकडे खात होता, आणि बरा होता. आई म्हणाली, "बघ. आपल्या घरचं त्याला मानवत नव्हतं."

ती हे सहज म्हणाली. पण मी ते वाक्य घेऊन कामावर गेलो. आमच्याकडे एकाच लॉटचा माल एका मशीनवर नीट उतरला आणि दुसऱ्यावर बिघडला, तर मालाला दोष देत नाहीत. दुसऱ्या मशीनपाशी काय वेगळं आहे ते बघतात. आमच्या घरी असं काय होतं जे मळ्यात नव्हतं? नळाचं पाणी, पण ते आम्हीही पितो. फिनेल. फिनेलवर माझा बराच वेळ संशय होता, पाय ओले करून तो ते चाटत असणार. पण फिनेलची बादली जुलाब लागल्यावर आली, आधी नाही. मग जुलाबांच्या आधी काय बदललं? बिघाड झाला की आमच्या खात्यात पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि नवीन पोरांना तो विचारायला मीच शिकवायचो.

डबा खायला बसलो होतो. हातात घास होता. उत्तर आलं तेव्हा तो घास मी परत डब्यात ठेवला.

पण उत्तर सुचलं म्हणजे खरं झालं असं नाही. कोरफड औषधी असते, हे डोक्यातून जाईना. आई तिचा गर खाते, तिला कधी काही झालं नाही. मग कुत्र्याला का व्हावं? मुलीवर मी न तपासता ठपका ठेवला होता. या वेळी तपासल्याशिवाय काही म्हणायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं. आणि तपासायला कुत्रा तर इथे नव्हता.

रविवारी सकाळी मी एक पान तोडलं, रोज चिरायचो तसंच चिरलं, आणि कडेने जो पिवळा रस ओघळला तो चमच्यात धरला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"हे काय चाललंय?"

"बघतोय, काय होतं ते."

"अहो, कुत्र्याला काय झालं ते कळायला माणसाने कुत्रा व्हायचं का?"

मी गिळला. इतका कडू की डोळ्यांत पाणी आलं. गूळ खाल्ला, पाणी प्यायलो, कडूपणा जाईना. मला सगळ्यात आधी त्या लाळेच्या तारेची आठवण झाली, कारण माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं आणि मी मोरीत थुंकत उभा होतो.

दुपारपर्यंत काही नाही. मला वाटू लागलं की मी सुटलो. मग पोटात पीळ बसायला लागला. त्याचं वर्णन करत नाही. संडासाच्या दाराबाहेरून बायकोचा आवाज आला, "आहात ना?"

"आहे."

"लागला का निकाल?"

"लागतोय."

आधी ती हसत होती. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिने हसायचं सोडून मीठ-साखरेचं पाणी आणून दिलं आणि माझ्याशेजारी बसून राहिली. मी भिंतीला टेकून बसलो होतो. एका चमच्याने माझी ही गत, आणि मी त्याला दोन वेळा, मान दाबून. मी ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मुद्दाम नाही केलंत." मी म्हणालो, "माहीत आहे. पण केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझीही लघवी लालसर झाली. ती बघून मी घाबरायला हवं होतं. उलट मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचं रक्त जात नव्हतं तर! तो रंग त्या रसाचा होता.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "पिवळं काढलं नव्हतंस?"

"कुठलं पिवळं?"

"अरे, पान तोडलं की वाटीत उभं करून ठेवायचं. पिवळं सगळं खाली गळू द्यायचं. मग साल काढून आतला गर घ्यायचा. ते पिवळं आटवून वाळवलं की त्याचाच तर काळा बोळ होतो. बाळंतिणीला पोट साफ व्हायला द्यायचे आमच्या वेळी, कणभर."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस? पाळीला जायच्या घाईत काय करतोस ते मी कुठे बघायला येते? मला वाटलं, एवढा मोठा झालास, करत असशील नीट." मग तांदळाकडे बघतच म्हणाली, "आणि त्याला पाठवून दे म्हणणारी मीच."

मी पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. एकटाच. डॉक्टरांना आठवण करून दिली आणि सगळं सांगितलं, चमच्यासकट. त्यांनी आधी माझी नाडी बघितली.

"मी विचारलं होतं तुम्हाला, पोटात काही गेलंय का."

"मला वाटलं, अंगाला लावलेलं पोटात कसं जाईल."

"कुत्र्याच्या अंगाला लावलेलं सगळं पोटातच जातं," ते म्हणाले. "त्याला टॉवेल माहीत नाही, जीभ माहीत आहे."

मी विचारलं, पिवळं गाळून नुसता गर लावला तर? आई तसं म्हणत होती.

"थोडं पिवळं सालीला राहतंच. आणि कशासाठी? खरजेवर औषधं आहेत. माणसाला चालतं ते कुत्र्याला चालतं, हा हट्ट सोडा."

"मग कोरफड घरातून काढून टाकू?"

"काढायलाच पाहिजे असं नाही. मोठं कुत्रं सहसा तोंड लावत नाही, कडू असते. पण पिल्लाला दात शिवशिवायला लागले की ते काहीही चावतं. पानं पोटात गेली तर असंच होणार. उलट्या, जुलाब, अंगातलं पाणी कमी होतं. पिल्लू असलं तर त्यातच जातं. वर ठेवा, झालं. आणि कुत्र्याला घेऊन या. कातडी बघितल्याशिवाय मी औषध देणार नाही."

म्हणजे त्याला आणायचंच होतं. बाहेर पडतानाच मी ठरवलं की येत्या रविवारी सिन्नरला जायचं, मेहुणा काही म्हणो. पण त्याआधी एक काम होतं आणि ते मी टाळत होतो. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मुलगी पायरीवर बसून पेन्सिलला टोक करत होती, तेव्हा मी तिच्या शेजारी बसलो आणि सांगून टाकलं.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे खारीने नाही?"

"नाही."

"शेवेने?"

"नाही. माझ्यामुळे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"रविवारी."

तिने पेन्सिलचं टोक फुंकलं. "मग आज सांगताय?"

मी तिला म्हणालो, "रविवारी आणायला जाऊ. तू आणि मी." ती म्हणाली, "मामाने नाही दिला तर?" मी म्हणालो, "देईल." पण आवाजात तेवढी खात्री नव्हती, आणि तिला ते कळलं असावं.

शनिवारी मी कोरफडीचा डबा गच्चीवर नेऊन ठेवला. डबा जड होता, पत्र्याची कड हाताला लागली. आई खालून ओरडली, "माझे गुडघे वर चढतात का? मला पान लागलं तर?"

"मी काढून देईन. वाटीत उभं करून, पिवळं गाळून."

"शिकलास म्हणायचं," ती म्हणाली.

रविवारी आम्ही द्वारका चौकात सिन्नरच्या जीपमध्ये बसलो. माणसं भरेपर्यंत जीप हलली नाही. मुलीने पिशवीत पट्टा घेतला होता आणि पिशवी मांडीवर धरली होती. सिन्नरला उतरून मळ्यापर्यंत चालत गेलो. कुत्रा लांबूनच दिसला, कोथिंबिरीच्या वाफ्याच्या बांधावर. अंग भरलं होतं. चट्टे तसेच होते. तिने हाक मारली आणि तो सुसाट आला, तिच्या अंगावर चढला, तिला चिखलाने माखून टाकलं. मग त्याने मला बघितलं. शेपटी खाली गेली. तो मागे सरकला आणि ठिबकच्या नळ्यांच्या वेटोळ्यामागे जाऊन बसला.

त्याने असं करावं यात काही चूक नव्हतं. मला बघितलं की पाठीवर ते येतं, एवढंच त्याला माहीत होतं.

मेहुणा आला. पाणी झालं, चहा झाला. मी विषय काढला.

"आता न्यायचं कशाला, दाजी? रुळलंय इथं. राती रखवाली करतंय. पोरंबी खेळत्यात त्याच्याशी."

"खाजेचं औषध करायचंय."

"त्ये मी बघतो की. उद्या जळकं ऑइल फासणार हाय. टेम्पोतलं काढून ठिवलंय." त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे काळ्या तेलाचं डबडं होतं आणि त्यात चिंधी गुंडाळलेली काडी. "एकदा फासलं की खरूज गेलीच. लय जणांनी लावलंय. काय होत नाय."

तो अगदी प्रेमाने बोलत होता, मी जसा बोलत होतो तसाच. मला वाटलं, आता गप्प बसलो तर हा दुसरा मी तयार होईल. मी म्हणालो, "ऑइल नको," आणि मग का नको ते सांगताना सगळं सांगावं लागलं. मेहुणा, त्याची बायको, त्यांची दोन पोरं आणि माझी मुलगी, सगळ्यांसमोर. कोरफड कशी घासली, कितीदा घासली, मुलीवर कसा ठपका ठेवला, आणि तो चमचा.

चमच्यापाशी मेहुण्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला. "दाजी, खरंच प्यायलात?"

"प्यायलो."

"मग?"

"मग काय, दिवसभर आतच."

मेहुणा इतका हसला की बाजेवर बसला. "ताईनं काय सोसलं असंल, दाजी!" पोरंही हसायला लागली. मी त्यांना हसू दिलं. हसणं थांबल्यावर मी म्हणालो, "हसा. पण त्या डबड्यातलं त्याला लावू नका. अंगाला लावलेलं तो चाटणार, आणि ते पोटात जाणार. कोरफडीने त्याची ती गत झाली. हे तर टेम्पोचं तेल आहे. मी त्याला आज नेणार आणि उद्या डॉक्टरला दाखवणार. सुट्टी टाकलीय."

मेहुणा डबड्याकडे बघत होता. "बरं, नाय लावत. पण परत हगवण लागली तर? इथं बरं झालेलं जनावर पुन्यांदा मरायला न्यायचं का?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "नाही लागणार. पप्पा त्याला आता काहीच लावणार नाहीत."

"कशावरून गं?"

"मी लावू देणार नाही."

मेहुण्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दाजी, मंजूर?"

"मंजूर."

"न्या मग," तो म्हणाला. पट्टा मुलीनेच बांधला. तिच्या हातात पट्टा असेपर्यंत तो तिच्यामागून निमूट चालला. मी पुढे-मागे कुठेही चाललो तरी तो स्वतःच्या आणि माझ्या मधे तिला ठेवूनच चालत होता.

जीपवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण मागची बाकं निम्मी रिकामी होती. तो बाकाखाली तिच्या पायांवर बसला. मी समोरच्या बाकावर. मला त्याच्या कानामागचा चट्टा दिसत होता आणि माझा हात आपोआप तिकडे गेला.

"पप्पा, हात नका लावू."

मी हात मागे घेतला आणि गुडघ्यांवर ठेवला. मोहदरीचा घाट सुरू झाला. वळणावर जीप कलली तसा तो घसरला, उठायला धडपडला, बाजूच्या आजीबाईंनी पाय वर घेतले. ड्रायव्हर ओरडला, "ओ भाऊ, धरा त्याला!"

मी मुलीकडे बघितलं. तिने क्षणभर विचार केला, पट्ट्याचं टोक आपल्या मनगटावरून सोडवलं आणि माझ्यापुढे धरलं.

"पट्टा धरा," ती म्हणाली. "अंगाला नाही."

मी पट्टा धरला. घाट उतरून शिंदे-पळसे मागे पडलं, रस्ता सरळ लागला, तरी तिने तो परत मागितला नाही.